माझ्या वाटणीचं आमेन

सकाळी आलेल्या मापांमध्ये माझ्या बायकोचं तोंड होतं. ते तिचं आहे हे मला लगेच कळलं नाही. चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता, सतरा, आणि खाली डॉक्टरबाईंच्या तिरक्या अक्षरात ‘वरची पट्टी, टाळूसकट. घाई नाही, पण लवकर’. डॉक्टरबाईंचं सगळंच असं असतं. दवाखान्यातून रोज दहाच्या सुमाराला मापांचा डबा येतो, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाचसहा मापं असतात, आणि मी ती एकामागून एक भरत जातो. प्लास्टर कालवायचं, मापात ओतायचं, बुडबुडे निघावेत म्हणून टेबलाच्या कडेवर ठकठक आपटायचं. तीस वर्षं मी आणि माझा भागीदार या दोन खोल्यांत लोकांच्या कवळ्या बनवतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमचं दोघांचं भरलं. पाऊण तासानं मी सतरा नंबरचं माप सोडवलं आणि पांढरा जबडा हातात आला. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, तसा तो अजून कोमट होता. डावीकडे दात नव्हते आणि टाळूच्या जागी एक खोल खड्डा होता. उजवीकडे सहा दात शिल्लक, त्यातला सुळा जरा अंग चोरून उभा. मधल्या दाताच्या कडेला एक बारीक खाच. मी सवयीनं अंगठ्यानं ती खाच चाचपली आणि अंगठा तिथंच थांबला. केसांच्या पिना दातानं उघडून उघडून पडलेली खाच आहे ती. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी म्हणालो होतो, “पिना दातानं उघडू नकोस, दात झिजतो.” ती तोंडात पिना धरूनच म्हणाली होती, “मग काय तुमच्या पकडीनं उघडू?” सत्तावीस वर्षं रोज सकाळी आरशासमोर तिनं दात झिजवला आणि रोज सकाळी मी पाहिला, आणि आता तो माझ्या टेबलावर होता.

“काय झालं? मोडलं का?” भागीदारानं पॉलिशच्या चाकावरून विचारलं. मी म्हणालो, “नाही.” तो पुन्हा चाकाकडे वळला. भागीदार फारसं विचारत नाही, म्हणून तर तीस वर्षं टिकलो. मी जबडा खाली ठेवला, मग उचलला, मग उगाचच फडक्यानं पुसला. म्हणजे डॉक्टरबाई आणि ती, दोघींनी संगनमत केलं होतं. मंगळवारी ‘जखम दाखवून येते’ अशी चिठ्ठी लिहून ती एकटी गेली ती यासाठी. आणि डॉक्टरबाई काल फोनवर माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या, पण ताकास तूर लागू दिली नव्हती. मी दोघींनाही स्पष्ट सांगून टाकलं होतं की हे काम मी करणार नाही. शहरात आणखी चार जण आहेत, माझ्यापेक्षा तरुण, त्यांच्याकडे द्या, हवं तर मीच जाऊन देऊन येतो. माझा हात कापतो. तिच्याच बाबतीत कापतो. त्यावर तिनं वहीच्या पानावर लिहिलं होतं, ‘दुसऱ्याच्या हातचं मी तोंडात घालणार नाही. उष्टं वाटतं.’ मी तेव्हा हसलो होतो आणि विषय संपला असं समजलो होतो. आता कोणाला बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

पाच महिन्यांपूर्वी तिच्या वरच्या जबड्यात गाठ निघाली. दुखत नव्हती, हेच वाईट. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते, खडू, फळा, गाणी, आणि दिवसभर बोलणं. एक दिवस म्हणाली, “डाव्या बाजूला जिभेला गोळ्यासारखं लागतंय, बघता का जरा?” मी आयुष्यभर लोकांची तोंडं प्लास्टरमध्ये बघितलेला माणूस. खिडकीजवळ नेऊन तिला ‘आ कर’ म्हटलं आणि बघितल्याबरोबर मला कळलं. पण मी म्हणालो, “काही नाही, डॉक्टरबाईंना दाखवू.” ती माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं बोलता येत नाही हे तिला ठाऊक आहे. मग सगळं भराभर झालं. मोठ्या इस्पितळात गाठ काढली, तिच्याबरोबर डावीकडचे दात काढले, अर्धी टाळू काढली. ऑपरेशनच्या टेबलावरच एक तात्पुरती पट्टी बसवून दिली. जखम आवळत गेली तशी ती पट्टी ढिली पडली, आणि आता ती नावालाच आहे. पाणी प्यायलं की नाकातून येतं. तिला याचं हसू येतं, मला येत नाही. एकदा तिनं लिहिलं, ‘लोक नाकानं कांदे सोलतात, मी सूप पिते. कोण जास्त हुशार?’ गाठ सगळी निघाली असं डॉक्टर म्हणतात. आम्ही ते वाक्य रोज एकदा एकमेकांना सांगतो, तोंडानं किंवा कागदावर.

पण बोलणं गेलं. आवाज आहे, शब्द नाहीत. टाळू नसली की हवा तोंडात कोंडून ठेवता येत नाही, सगळी नाकात जाते, आणि नाक काही प आणि ब म्हणू शकत नाही. ‘बटाटा’ म्हणाली की ‘मणाणा’ ऐकू येतं. ‘दूध’चं ‘नून’ होतं. लेक दूर राहते, ती रोज संध्याकाळी फोन करते. पहिल्या आठवड्यात आईचा आवाज ऐकून तिनं घाबरून विचारलं, “बाबा, आई काय म्हणतेय? कुठल्या मामाबद्दल बोलतेय?” मी म्हणालो, “मामा नाही गं. बाबा म्हणतेय. मला म्हणतेय.” तेव्हापासून मी दुभाष्याचं काम करतो. ती बोलते, मी अंदाजानं लेकीला सांगतो, मग ती माझ्या दंडाला चिमटा काढते म्हणजे अंदाज चुकला. दंड हिरवानिळा झालाय. घरात तिच्या वह्या पसरल्यात, शाळेतल्याच, चार रेघी. त्यांत तिचं पहिलीच्या बाईंचं गोल, सुबक अक्षर. भांडतानासुद्धा ती त्याच अक्षरात भांडते, आणि मग भांडण नीट होत नाही.

आणि प्रार्थना. तिथंच माझं खरं अडलंय. मी ख्रिस्ती घरात जन्मलो, चर्चमध्ये वाढलो, पण प्रार्थना करणं मला कधी जमलं नाही. मोठ्यानं देवाशी बोलायचं म्हटलं की मला साहेबापुढे अर्ज घेऊन उभं राहिल्यासारखं होतं, शब्द सुचत नाहीत, घाम फुटतो. ती मात्र बापाशी बोलावं तशी बोलते. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला तिनं माझ्याकडे पाहिलं, घरचा कर्ता प्रार्थना करतो म्हणून. मी मिठाची गुळणी धरून बसलो. तिनं दोन मिनिटं वाट पाहिली, मग डोळे मिटून स्वतःच सुरुवात केली, आणि शेवटी थांबली. मी म्हणालो, “आमेन.” ती म्हणाली, “चला, तेवढं तरी येतं.” त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. ती प्रार्थना करणार, मी आमेन म्हणणार, ती स्वतः म्हणणार नाही. ते माझ्यासाठी ठेवायचं. पाळक घरी आले की ती माझी ओळख करून द्यायची, “हे आमचे आमेनवाले.” चर्चमध्ये हे नाव पसरलं. मला राग यायचा नाही. उलट मला वाटायचं की काम छोटं आहे, पण चोख करतो. तिची लांबलचक प्रार्थना, शेजारणीच्या गुडघ्यापासून शाळेच्या गळक्या छपरापर्यंत सगळं देवाला सांगून झालं, की शेवटी मी एक शब्द टाकायचा. आमेन म्हणजे तसंच होवो. आमेन म्हणजे सही. सत्तावीस वर्षं मी तिच्या प्रार्थनांवर न वाचता सही केली. कारण तिनं मागितलेल्या गोष्टींत सही करू नये असं कधी काही नव्हतं.

ऑपरेशन सकाळचं होतं. तिला हिरवा झगा घातला होता, केस टोपीत गेले होते, पिना मी खिशात ठेवल्या होत्या. ढकलगाडी घेऊन माणूस दारात उभा होता. ती म्हणाली, “एक मिनिट थांबा हं, भाऊ,” आणि माझा हात धरून डोळे मिटले. त्या तोंडातून मी ऐकलेली ती शेवटची धड प्रार्थना. छोटीच होती. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, लेकीला धीर दे, आणि ह्यांना जेवायची आठवण कर. मग ती म्हणाली, “आणि तुझ्या मनात असेल तसं होऊ दे.” आणि थांबली. माझ्यासाठी थांबली. मी तोंड उघडलं आणि मला वाटलं, त्याच्या मनात वेगळंच काही असलं तर? त्याच्या मनात तिला नेणं असलं तर? त्यावर मी सही करू? मी प्लास्टरसुद्धा तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही. मी मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिलो आणि माझ्या तोंडून शब्द आला नाही. तिनं डोळे उघडले. रागावली नाही. माझ्या हातावर दोनदा थापटलं, जसं पाढा विसरलेल्या मुलाला थापटतात, आणि त्या भाऊला म्हणाली, “चला.” गाडीची चाकं कुरकुरत लांब गेली. मी खिशातल्या पिना मुठीत घट्ट धरून बाकावर बसलो. पाच तास. त्या पाच तासांत मी शंभर वेळा आमेन म्हणायचा प्रयत्न केला असेन. तो शब्द घशापर्यंत यायचा आणि परत जायचा. ती जिवंत बाहेर आली. तरी मी तो म्हणालो नाही. आता म्हणणं म्हणजे माल हातात पडल्यावर सही करणं झालं, त्याला काय किंमत? आणि दुसरी भीती होतीच. गाठ परत आली तर?

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला तिनं मान खाली घातली आणि प्रार्थना सुरू केली. मला एक अक्षर कळलं नाही. नाकातून येणारा तो गुंगुं असा आवाज, चढणारा, उतरणारा. ती कशाबद्दल बोलतेय, कुठपर्यंत आलीय, कधी संपणार, काही कळेना. समोर दुधात भिजवलेला पाव होता, तो फुगत चालला होता. मग तिचं तिनंच शेवटी “आमेन” म्हटलं आणि चमचा उचलला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मी बघतच राहिलो. मला वाटलं, कामावरून काढलं मला. योग्यच केलं. ज्यानं त्या दिवशी सही केली नाही, त्याच्याकडे आता कशाला कागद न्यायचा? तेव्हापासून रोज असंच चाललंय. ती गुणगुणते, स्वतःच आमेन म्हणते, आणि तो शब्द ऐकू आला की मी चमचा उचलतो. चार महिन्यांत तिच्या प्रार्थनेचा आकार मला पाठ झालाय, शब्द नाहीत पण आकार आहे. तीन छोटे तुकडे आणि मग एक लांब. तीन तुकडे रोज थोडे बदलतात. लांबचा बदलत नाही. तो रोज अगदी तसाच येतो, मध्येच एकदा चढतो, शेवटी हळू होतो. त्या लांब तुकड्याची मला धास्ती बसलीय. ती त्यात काय मागते? आयुष्य मागते का? दातांच्या कण्या करून मागते, असं वाटतं. की माझी तक्रार करते? कागदावर लिहून दाखव म्हणायचं धाडस मला झालं नाही.

मी जबडा पुन्हा उचलला. काम तर करायलाच हवं होतं. एकदा माप टेबलावर आलं की ते माझं, हा आमच्या कामाचा नियम आहे, आणि तिला तो नियम माहीत आहे, म्हणूनच तिनं हा डाव टाकला. मेण तापवलं. हात खरंच कापत होता. पहिला थर वाकडा बसला, काढून टाकला. दुसराही काढला. मग मी स्वतःला सांगितलं की हा सतरा नंबर आहे, नुसता सतरा नंबर, आणि सतरा नंबरला काय हवंय ते बघ. खड्डा भरून काढेल असा एक गोळा हवा, त्याखाली टाळूसारखी पट्टी, पट्टीला डावीकडचे दात, आणि उजवीकडच्या दातांना धरणारे तारांचे आकडे. गोळा पोकळ ठेवायचा. नवशिके भरीव करतात, मजबूत व्हावा म्हणून, आणि तो स्वतःच्याच वजनानं खाली येतो. पोकळ असेल तरच वर टिकतो. आणि तो कुठं किती फुगवायचा हे ठरवायचं तर माणसाचे कोणते उच्चार अडतायत ते ठाऊक पाहिजे. मी डोळ्यांसमोर तिच्या वर्गातला तक्ता आणला. क ख ग घ ङ. च छ ज झ ञ. तिनं घरीही एक लावलाय, स्वयंपाकघराच्या दाराला, लेक लहान असल्यापासून तो तिथंच आहे. मी एकेक ओळ तिच्या आवाजात म्हणून बघू लागलो. त थ द ध, सगळ्यांचा न होतो. ट ठ ड ढ, सगळ्यांचा ण. प फ ब भ, म. मी थबकलो. प्रत्येक ओळ तिच्या शेवटच्या अक्षरावर येऊन थांबत होती. आधीचे चारही पडलेत, शेवटचा तेवढा उभा आहे, कारण शेवटचा नाकातूनच येतो, त्याला टाळूशी देणंघेणं नाही. पोरांना अक्षरं शिकवणारी बाई, तिच्याकडे म उरला होता, ण उरला होता, न उरला होता.

म्हणजे त्या अक्षरांचे शब्द तिला धड म्हणता येत असणार. मी. मन. मान. मामी. मी हळू आवाजात शब्द शोधत होतो, हातात मेणाची सुरी तशीच. आणि मग तो शब्द आला. आमेन. आ, मे, न. त्यात एकही अक्षर असं नाही ज्याला टाळू लागते. गेले चार महिने तो शब्द मी रोज तीनदा ऐकत होतो, चमचा उचलायची खूण म्हणून, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तिच्या प्रार्थनेतला तेवढा एकच शब्द अगदी पूर्वीसारखा येतो. देवाचं नाव मोडलं होतं, येशूचं मोडलं होतं, माझं, लेकीचं, सगळ्यांची नावं मोडली होती. आमेन शाबूत होतं. डॉक्टरांच्या सुरीनं त्याला हात लावला नव्हता. खात्री करावी म्हणून मी उलटं करून पाहिलं. चिमटीत नाक दाबलं आणि म्हणालो, “आमेन.” ऐकू आलं, “आबेद.” पुन्हा म्हणालो. “आबेद.” चाकाचा आवाज थांबला. भागीदार मान वळवून बघत होता.

“सर्दी झाली का?”

“नाही. काम करतोय.”

“नाक धरून?”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला. “तेवढी ती कवळी दे, चमक मारतो.”

मी त्याला कवळी दिली. मग मला जाणवलं की बऱ्याच दिवसांनी तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला होता. मोडका, नाक दाबून, कामाचा भाग म्हणून, पण पडला होता. घशात अडला नव्हता. मला जरा लाज वाटली. आणि मग, कसं सांगू, मला तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी ती पांढरी खाच पुन्हा एकदा अंगठ्यानं चाचपली. हात कापायचा थांबला होता. तो जबडा घेऊन मी चार दिवस बसलो. मेण, मग साचा, मग उकळत्या पाण्यात साचा ठेवून कवळीचा गुलाबी मसाला शिजवणं, मग घासणं. रोज घरी गेल्यावर ती माझ्या नखांकडे बघायची. तिसऱ्या दिवशी नखात गुलाबी भुकटी पाहिली आणि वहीत लिहिलं, ‘सतरा नंबर कसा आहे?’ मी म्हणालो, “हट्टी आहे.” ती हसली तेव्हा नाकातून शिट्टीसारखा आवाज आला आणि मग आम्ही दोघंही हसलो. मी हसलो म्हणून ती आणखी हसली.

शनिवारी दवाखान्यात पट्टी बसवून पाहिली. एरवी मी तिथं जात नाही, माझी कामं जातात, मी नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हिच्या डावात मी नव्हते हं. मला दम दिला हिनं.” ती खुर्चीत मागे रेलून, तोंड उघडं टाकून, डोळ्यांनीच ‘खोटं आहे’ म्हणाली. पट्टी आत गेली, टक् असा आवाज झाला, आकडे दातांना बसले. डॉक्टरबाईंनी पेलाभर पाणी दिलं. ती प्यायली, आणि नाकातून एक बारीक धार आलीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मागच्या कडेला जागा राहतेय.” मी तिथंच कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो, मागच्या कडेला भर घातली, घासली, पुन्हा दिली. पुन्हा पाणी. थेंब. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा ती पाणी प्यायली, घोट खाली गेला, आणि आम्ही तिघंही तिच्या नाकाकडे बघत बसलो. काही आलं नाही. डॉक्टरबाईंनी रुमाल खाली ठेवला. “आता साठपासून सत्तरपर्यंत म्हणा,” त्या म्हणाल्या. कवळी तपासायची ही आमची जुनी रीत, त्या आकड्यांत स आणि ट भरलेले असतात, जीभ कुठं अडते ते लगेच कळतं. तिनं ओठ ओले केले. “साठ,” ती म्हणाली. स होता. ठ होता. जरा जड, जरा बोबडा, पण साठ. “एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.” मी खिडकीबाहेर बघू लागलो, तिथं कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. “सदुसष्ट,” मागून आवाज आला, “अडुसष्ट,” आणि मग ती थांबून म्हणाली, “पुरे की आता. साठीला अजून सहा वर्षं आहेत मला.” डॉक्टरबाई इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावले.

घरी येईपर्यंत ती बोलतच होती. चार महिन्यांचं साठलेलं. दुकानाच्या पाट्या वाचत होती, मोठ्यानं, पहिलीच्या मुलासारख्या. “औषधालय. इथं कुलपं दुरुस्त होतील. बघा, द येतोय.” मध्येच मला म्हणाली, “पोकळ केलंय ना ते?” मी म्हणालो, “हो, म्हणून टिकतं.” “तुमच्या डोक्यासारखं,” ती म्हणाली आणि माझा दंड धरला, यावेळी चिमटा न काढता. लेकीला फोन लावला. लेकीनं ‘हॅलो’ म्हटल्यावर ती म्हणाली, “बाबा. ऐकलंस? बाबा म्हणाले मी. मामा नाही.” पलीकडून लेकीच्या रडण्याचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता.

मग जेवायला बसलो. दुपारचं ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. सूप होतं, अंडं होतं, मऊ पाव होता. तिनं हात जोडले, मान खाली घातली. मला एकदम वाटलं की ती ढिली पट्टीच बरी होती. आता सगळं कळणार होतं. तीन छोटे तुकडे आणि मग तो लांबचा. तिनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

“देवबापा,” ती म्हणाली, “हे अन्न दिलंस, ते आता नाकाऐवजी पोटात जाणार, तुझे आभार.” हा पहिला. “लेकीला सांभाळ, ती उगाच रडते, बापावर गेलीय.” दुसरा. “शाळेतल्या पोरांना माझी आठवण राहू दे, पण फार नको, नव्या बाईंना जड जाईल.” तिसरा. मग तिनं श्वास घेतला, आणि मला पाठ असलेला तो चढ आला, तोच उतार, फक्त आता त्यात शब्द होते. “आणि ह्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचं आमेन अडलंय, माझ्या काळजीनं अडलंय, तुला ठाऊकच आहे. ते सुटेपर्यंत त्यांच्या वाटणीचं मी म्हणतेय, तेवढं चालवून घे.”

रोज तीनदा. चार महिने. सूप नाकातून येत असताना, कुणाला एक अक्षर कळत नसताना, ती हे म्हणत होती. तिनं आयुष्य मागितलं नव्हतं. माझी तक्रारही केली नव्हती. माझी जागा धरून ठेवली होती, दुसरं कुणी बसू नये म्हणून, आणि ती धरायला तिच्याकडे प्रार्थनेतला जो एक धड शब्द उरला होता, तो वापरला होता.

ती थांबली. नेहमीसारखं स्वतः म्हणाली नाही. हात तसेच जोडलेले, मान तशीच खाली, मिटलेल्या पापण्या जराशा हलत होत्या. ती माझ्यासाठी थांबली होती. गाठ परत येईल की नाही हे मला अजूनही माहीत नव्हतं. त्याच्या मनात काय आहे तेही नाही. पण ज्याच्या मनात काही का असेना, त्याच्याशी ही बाई चार महिने माझ्या वतीनं बोलत होती आणि तो ऐकत होता, एवढं मला त्या टेबलापाशी बसल्या बसल्या पटलं, आणि तेवढं मला पुरलं. मी तोंड उघडलं. डोळे केव्हाचे वाहत होते, नाक पार गच्च झालं होतं.

“आबेद,” मी म्हणालो.

तिनं एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ थरथरले, आणि मग ती पहिलीच्या बाईंच्या स्वच्छ, स्पष्ट आवाजात म्हणाली, “अहो, आधी नाक शिंकरा. आणि मग नीट म्हणा.”

मी नाक शिंकरलं. ती वाट बघत होती. मी नीट म्हणालो.